जुन्या विमानाला मोठं इंजिन बसवताय? या चुका टाळा

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. “काका, विमान नीट उठतच नाही. शंभर एचपीचं इंजिन मिळून राह्यलं, टाकून देऊ का?” विमान म्हणजे बहुतेक वेळा पुष्पक. हिंदुस्थान एअरक्राफ्टनं बंगळूरला बनवलेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं, नाकात कॉन्टिनेन्टलचं ९० एचपीचं सी-९०. माझी हयात असल्या विमानांखाली पाठीवर पडून गेली. आता हिंगणघाटच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये, दोन पोरांना हाताशी घेऊन हीच कामं करतो. दरवेळी त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, कारण यातली प्रत्येक चूक जमिनीवर सापडण्यासारखी असते.

उन्हाळ्याचा दोष इंजिनावर टाकणे

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर आहे. पारा ४५ वर गेला की तिथली हवा जवळपास ५,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद त्यात सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि पंखांनाही धरायला हवा कमी मिळते. म्हणजे तुमचं नवं १०० एचपी दुपारी दोन वाजता ८५ च्या आसपास आलं. मी सगळ्यांना आधी एकच सांगतो: पहाटे साडेपाचला उडा, एकट्यानं, टाकीत गरजेपुरतंच इंधन घेऊन. त्यानंतरही विमान जड वाटलं तर इंजिनाचं बोलू.

एचपी बघणे, आरपीएम न बघणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. सी-९० आपले ९० एचपी २,४७५ आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांना, देतं. कॉन्टिनेन्टलचंच ओ-२००, म्हणजे ते शंभर एचपीचं इंजिन, शंभर देतं, पण २,७५० ला. दोन्हींचं पोट, म्हणजे सिलिंडरांची एकूण जागा, जवळपास सारखंच, २०१ घन इंच. मग जास्तीचे दहा घोडे आले कुठून? वेगानं फिरण्यातून. आता जुनाच प्रॉपेलर लावला तर तो नव्या इंजिनाला २,७५० पर्यंत पोहोचूच देत नाही. २,४०० च्या आसपास अडवून धरतो, आणि तिथं ओ-२०० हे सी-९० पेक्षा उजवं नाही, उलट थोडं मागेच पडतं.

एका गृहस्थांनी दोन महिने खपून इंजिन बसवलं आणि पहिल्या उड्डाणानंतर पडल्या चेहऱ्यानं म्हणाले, “आधीचंच बरं चढत होतं जी.” खरंच बरं चढत होतं. कमी पिचचा, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा कमी असलेला, त्या इंजिनासाठी मंजूर असलेला प्रॉपेलर लावल्यावर मग विमान उठलं. म्हणून प्रॉपेलरचे पैसे बाजूला काढल्याशिवाय इंजिनाचा सौदा करू नका. उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत ते कागदावर दिलेलं असतं, तेवढे येतात का बघा. तेही ऑप्टिकल टॅकोमीटरनं, म्हणजे प्रकाशावर फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रानं, बघा. जुन्या यांत्रिक टॅकोमीटरवर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि मोठ्या इंजिनानं वेग वाढतो ही आशा सोडा. वेग ताकदीच्या घनमुळानं वाढतो. ९० चे १०० केले तर वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढेल. मिळतं ते चढणं. गतिदर्शकावरची कमाल वेगाची लाल रेघ तर तिथंच राहते, कारण ती पंखांची आणि कापडाची आहे.

पेट्रोलचा प्रवाह सपाट जमिनीवर मोजणे

या विमानांत पेट्रोल गुरुत्वाकर्षणानं येतं, पंप नसतो. नाक वर झालं की इंजिन टाकीच्या मानानं वर जातं आणि पेट्रोलला ढकलणारी उंची कमी होते. नेमकं तेव्हाच, चढताना, इंजिन सर्वांत जास्त पितं. नियम असा की विमान उठतानाच्या खपाच्या दीडपट प्रवाह कार्ब्युरेटरपाशी, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं तिथं, मिळायला हवा. शंभर एचपीला ताशी ३२ लिटर धरले तर दीडपट ४८, म्हणजे मिनिटाला ८०० मिली.

माझ्या शेडमधल्या पोरानं एकदा टाकी पूर्ण भरून, विमान होतं तसंच उभं ठेवून नळी सोडली आणि खूश होऊन ओरडला, “काका, पेट्रोल तं धो धो येऊन राह्यलं ना!” मी त्याला काही बोललो नाही. शेडमागे शेपटाच्या चाकासाठी खड्डा खणायला लावला, चढतीपेक्षाही थोडं जास्त नाक वर होईल इतका. टाकी तळाला दोन-चार लिटर उरेपर्यंत रिकामी केली. विमान आणि पत्र्याचं भांडं दोन्हीला अर्थिंग जोडलं, अग्निशामक हाताशी ठेवला आणि घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटाला ५६० मिली. दुसऱ्याला ४००. चौथ्या मिनिटाला नुसते थेंब.

टाकीचं झाकण उघडलं तर सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. टाकीत हवा येण्याच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. बारीक तारेनं कोरलं तेव्हा माती निघाली, आणि मातीत तिनं पिलासाठी साठवलेली हिरवी अळी. ते साफ केल्यावर प्रवाह ५६० वर टिकला, पण पुढे जाईना. मग दिसलं की नव्या माउंटमुळे, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्यामुळे, फायरवॉलपाशी, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपाशी, पेट्रोलच्या नळीला उंटाच्या पाठीसारखा बाक आला होता. नळी सरळ उताराची करून, गाळणी बदलून ८७० आले. त्या पोराचं मोजमाप मान्य केलं असतं तर इंजिन शे-दीडशे फुटांवर बंद पडलं असतं. तेव्हा समोर फक्त कपाशी आणि विजेच्या तारा. तो खड्डा मी अजून बुजवू दिलेला नाही. उभ्या विमानाच्या हवेच्या नळीला तेव्हापासून जाळीचं टोपण असतं.

बाकीच्या चुका

वजन. हौसेनं थेट लायकमिंगच्या १५० एचपीच्या ओ-३२० कडे जाणाऱ्यांनी हिशेब करावा: सी-९० साधारण ८५ किलो, ओ-३२० एकशेदहाच्या पुढे. सहाशे किलोच्या विमानात हे २५ किलो गुरुत्वमध्याच्या दीड मीटर पुढे बसले तर गुरुत्वमध्य सव्वासहा सेंटीमीटर पुढे सरकतो. मुभा असते वीत-दीड वीत. आणि कृपा करून विमान कापसाच्या ट्रकच्या काट्यावर चढवू नका. तो काटा पाच-दहा किलोंच्या खाली बोलत नाही.

पंपावरचं पेट्रोल. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते जुनी रबरं खातं, पाणी ओढतं आणि आपल्या उन्हात नळीतच वाफ धरतं. शंभर एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोलच वापरा.

माउंट आणि फ्रेमच्या नळ्या वरून रंगवून मोकळं होणे. गंज आतून येतो. वेल्डिंगनंतर नळीत गरम जवसाचं तेल फिरवून निथळून काढायची जुनी पद्धत आहे, ती मी आजही पाळतो. जवसाला आपल्याकडे काय तोटा?

बॅफलची, म्हणजे सिलिंडरांवर हवा वळवणाऱ्या पत्र्यांची, रबरं जुनीच ठेवणे. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. बोटभर फट राहिली तरी हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जाते.

एअर फिल्टर. जिनिंगजवळ उभ्या विमानाचा फिल्टर रुईनं भरतो. मी रोज काढून झटकतो.

नवं इंजिन जमिनीवर तासन्‌तास चालवून “रवां” करणे. ट्रॅक्टरवाल्यांची सवय इथं आणू नका. कमी ताकदीवर पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत, सिलिंडर आतून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग इंजिन जन्मभर ऑइल पितं. मिनरल ऑइल घाला, जमिनीवर थोडकंच चालवा आणि थंड सकाळी भरपूर ताकदीवर उडवा.

शेवटी कागद. अमेरिकेत त्या बदलाला एसटीसी, म्हणजे तिथली अधिकृत मंजुरी, मिळालेली असली तरी व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानाला डीजीसीएची, आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाची, मंजुरी लागतेच, आणि सही परवानाधारक अभियंत्याची. त्यात महिने जातात. मंजुरी हातात येईपर्यंत जुन्या इंजिनाचा एक बोल्टही सोडू नका.