गाडीच्या दाराच्या लॅचचा हट्टी बोल्ट काढायला बसण्याआधी

आधी हातातला पाना खाली ठेवा. बिट, म्हणजे खाच्यात बसणारं टोक, एकदा घसरलं की माणसाला चेव येतो, आणि बोल्टच्या डोक्यात जी काही पकड उरलेली असते ती पुढच्या दोन झटक्यांत संपते. म्हणून सामान अगोदर जमवायचं, कमी नासधूस करणारा उपाय आधी आणि जास्त करणारा नंतर असा क्रम ठरवायचा, आणि मगच दाराशी बसायचं. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं असतं. तयारीला अख्खी दुपार गेली तरी चालेल.

आता नेमकं काय बिघडलंय ते बघा. आपण सरसकट 'आटे गेले' म्हणतो, पण त्यात तीन निरनिराळे आजार दडलेले असतात. डोक्यातला खाचा गोल झाला आणि बोल्ट जागचा हलत नाही, हा पहिला. डोकं खुशाल फिरतंय पण बोल्ट बाहेर येत नाही, म्हणजे खरोखरच आटे गेलेत, हा दुसरा. त्याला डोक्याखाली पातळ पात्याचा स्क्रू ड्रायव्हर सरकवून बाहेर ओढत ओढत फिरवावं लागतं. तिसऱ्यात बोल्टबरोबर मागचा नटही फिरत असतो, तिथे मागून नट धरायची सोय शोधायची. गरम करणं, ड्रिल मारणं हे सगळं पहिल्या आजाराचं औषध आहे. पुढचं सगळं त्याच्याबद्दल, आणि उदाहरण म्हणून दाराच्या मागच्या कडेवरचे, लॅच धरून ठेवणारे तीन स्टार (चांदणीच्या आकाराच्या खाच्याचे) बोल्ट डोळ्यांसमोर ठेवलेत. त्यातले दोन सहज सुटतात, तिसरा नाही.

टॉर्च, दाभण आणि जुना टूथब्रश घ्या. दाराच्या कडेवर धूळ, ग्रीस आणि कधी रंगही खाच्यात जाऊन बसतो, त्यामुळे बिट तळापर्यंत उतरत नाही आणि वरच्यावर घसरतं. खाचा दाभणाने तळापर्यंत कोरून काढा. मग बिटचं माप तपासा. टी २७ मापाचं स्टार बिट टी ३० च्या खाच्यात बसल्यासारखं वाटतं, पण दोघांच्या टोकात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे आणि तेवढ्यानेच कंगोरे झिजतात. क्रॉस खाच्याचा बोल्ट असेल तर दोन नंबरऐवजी तीन नंबर लागतो का ते बघा. जपानी बनावटीच्या गाड्यांत जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, क्रॉस खाचा असू शकतो. तो दिसायला नेहमीच्या क्रॉस खाच्यासारखा, म्हणजे फिलिप्ससारखाच, पण त्यात फिलिप्स बिट नीट बसत नाही आणि जोर लावला की वर चढून निसटतं. अशा डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. नवं, न झिजलेलं, योग्य मापाचं बिट ही या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. झिजलेल्या बिटने चांगला बोल्टही खराब होतो.

बॅटरीचं ऋण टोक काढायचं आहे, पण त्याआधी काच कुठे हवी ते ठरवा, कारण नंतर ती हलणार नाही. लॅचच्या कामाला बहुधा पूर्ण वर. किल्ली गाडीत ठेवू नका, खिशात घाला. बऱ्याच गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि हातोडी चालवायची म्हणजे त्याला हादरे बसणार. टोक काढल्यावर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, ती हाताशी नसेल तर दहा मिनिटं तरी. मग पॅनल काढून आतला प्लास्टिकचा पडदा सावकाश सोलून घ्या. त्याचा काळा चिकट डिंक बोटांना आणि केसांना लागला की दिवसभर सुटत नाही, तेव्हा हातमोजे.

बोल्टभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. दाराच्या पोकळीत, बोल्टच्या बरोबर खाली, जुनं फडकं कोंबा. नाहीतर लोखंडाचा चुरा तळाशी साचतो, ओल लागली की गंजतो आणि पाणी जायची भोकंही बुजवतो. चुरा उचलायला लोहचुंबक पिशवीत गुंडाळून ठेवा, म्हणजे पिशवी उलटी केली की चुरा आपोआप सुटतो. चष्मा असला तरी वरून गॉगल हवाच. आणि दाराला आधार द्या. उघडं दार हातोडीच्या ठोक्याबरोबर मागे जातं आणि निम्मा जोर वाया जातो. पलीकडून कुणीतरी गुडघा टेकवून उभं राहिलं तर उत्तम.

आता तेल आणि उष्णता. सगळे आधी तेलाचा डबा शोधतात. गंजाने धरलेल्या बोल्टला गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवणं बरोबरच आहे. पण लॅचचे बोल्ट पुष्कळदा गंजाने नव्हे, कारखान्यात आट्यांना लावलेल्या थ्रेडलॉकने (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाने) धरलेले असतात, आणि त्याला तेलाची फिकीर नसते. ते उष्णतेने सैल होतं. जोरकस प्रकाराला तर सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागतं. हॉट एअर गनने एवढं तापवलं तर रंगाला फोड येतात आणि रबराचं बीडिंग वितळतं. त्यापेक्षा मोठा सोल्डरिंग आयर्न घ्या आणि त्याचं टोक थेट बोल्टच्या डोक्यावर काही मिनिटं दाबून धरा. वेळ लागतो, पण उष्णता जिथे हवी तिथेच जाते. तेल पेट घेतं, म्हणून उष्णता आधी आणि बोल्ट थंड झाल्यावर तेल. तेल अगोदरच मारून बसला असाल तर कोरडं पुसा आणि तापवायचा विचार सोडून पुढच्या उपायाकडे वळा.

तो म्हणजे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ठोका बसतो तेव्हा तो बिटला आत दाबतो आणि त्याच क्षणी वळवतो, त्यामुळे बिट वर चढत नाही. दिशा उलटी, म्हणजे सोडवायची, लावली आहे का हे टाकाऊ लाकडावर आधी तपासा; घाईत घट्ट करण्याच्या दिशेने ठोकणारे मी पाहिलेत, आणि एकदा आरशातही पाहिलाय. खाच्यात व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा ठिपका टाकला तर बिटला जास्त धरायला मिळतं. रबर बँड मध्ये ठेवायची युक्ती सैल स्क्रूला चालते, इथे वेळ घालवू नका. तेवढ्याने भागलं नाही तर थोडं मोठं स्टार बिट ठोकून बसवायचं. ते बिट गेलंच असं समजा, म्हणून जुनं वापरा.

शेवटचा उपाय ड्रिल. त्यासाठी सेंटर पंच, ३ मिलिमीटरचं पायलट बिट, त्यावरची मापं आणि कापताना थेंब थेंब टाकायला तेल. मधोमध खूण झाल्याशिवाय मशीन सुरू करू नका. उलट्या पिळाची बिटं मिळाली तर जरूर घ्या; भोक पाडता पाडताच बोल्ट अडकून उलटा फिरायला लागतो आणि कधी कधी तिथेच काम होतं. ईझी-आउट, म्हणजे पाडलेल्या भोकात उलटा पिळून बोल्ट बाहेर काढायचं हत्यार, मात्र मी यादीत कंसात ठेवतो. माझा एक असाच बिजागरीच्या बोल्टमध्ये मोडला. तो कडक पोलादाचा असतो, त्यामुळे वर ड्रिल नुसतं फिरत राहिलं आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर गेलं.

लॅचच्या बोल्टला त्याहून सोपी वाट आहे. एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट असेल तर साधारण ६.५ मिलिमीटरच्या बिटने फक्त डोकं कापायचं. वेग कमी, दाब जास्त. डोकं सुटून बिटवर फिरायला लागलं की थांबा, दाराच्या पत्र्यातली खोलगट बैठक खाऊ नका. बाकीचे दोन बोल्ट तोवर घट्टच राहू द्या, म्हणजे लॅच हलणार नाही. डोकं गेल्यावर ते दोन काढून लॅच आत सरकवलं की उरलेला दांडा थोडासा बाहेर डोकावतो, आणि ताण गेलेला असल्यामुळे लॉकिंग पकडीने बहुतेक वेळा सहज फिरतो.

हीच तयारी बिजागरीला किंवा खांबावरच्या स्ट्रायकरला (लॅच ज्यात अडकतं त्या कडीला) वापरायची असेल तर दोन गोष्टी वाढवा. सैल करण्याआधी भोवती मार्करने रेघ मारा, नाहीतर दार पुन्हा जुळवताना संध्याकाळ होते. स्ट्रायकरचे दोन्ही बोल्ट एकदम काढू नका. काही गाड्यांत मागची आट्यांची पट्टी मोकळी असते आणि ती खांबाच्या पोकळीत पडली की शोधणं आलं. बिजागरीला हात लावताना दाराखाली जॅक आणि त्यावर लाकूड.

नवे बोल्ट आधीच आणून ठेवा, तिन्ही, त्याच लांबीचे आणि त्याच बैठकीचे. लांब बोल्ट लॅचच्या आतल्या फिरत्या भागाला टेकू शकतो. आटे साफ करायला एम ६ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), कापलेल्या जागी लावायला टचअप रंग आणि नव्या बोल्टला मध्यम जोराच्या थ्रेडलॉकचा एक थेंब. एकच.

शेवटी एक साधा स्क्रू ड्रायव्हर वेगळा काढून ठेवा. सगळं बसवल्यावर दार लावायची घाई करू नका. दार उघडं असतानाच त्याने लॅचची जीभ दोनदा ढकला, दोन टक आवाज आले पाहिजेत. मग बाहेरचा हँडल ओढून ती सुटते का बघा, पुन्हा ढकला आणि आतल्या हँडलने सोडवा. एकाने जरी सुटली नाही तरी दार उघडंच ठेवून आतल्या दांड्या तपासा, कारण बंद दाराच्या कडेवरच्या त्या तीन बोल्टांपर्यंत पाना पोहोचत नाही.