पोर्ट उघडला, तरी मित्रांना सर्व्हर सापडत नाही? या चुका टाळा

घरच्या कॉम्प्युटरवर गेम सर्व्हर चढवलाय, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेलं कनेक्शन त्या कॉम्प्युटरकडे वळवायचा) नियम टाकलाय, आणि मित्राच्या स्क्रीनवर मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. कुणी मला असं कळवलं की मी नियमाचा स्क्रीनशॉट बघतच नाही. आधी विचारतो, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता, काय दिसतोय? बहुतेकांनी ते पान उघडलेलंच नसतं. नियम टाकायला शिकवणाऱ्या व्हिडिओत दाखवलेलं नसतं ना!

वॅन आयपी न बघता नियमांशी झटापट

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी लिहून घ्या. मग व्हीपीएन बंद करून ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधा. दोन्ही आकडे जुळले तर थेट ‘काल चालत होतं, आज नाही’पासून वाचा. नाही जुळले तर फक्त या एका राउटरमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. आयपीव्ही४चे पत्ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटतात, तेच सीजीनॅट. त्यासाठीच हा पट्टा २०१२ साली वेगळा राखून ठेवला गेला. बाहेरून आलेलं कनेक्शन कंपनीच्या यंत्रापाशीच अडतं, कारण ते कुठल्या घरी पाठवायचं हे त्या यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या राउटरला त्याची खबरही लागत नाही.

ओळखीतल्या एका मुलाने माइनक्राफ्टचा सर्व्हर लावला होता. नियम अगदी बरोबर: पोर्ट २५५६५, टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, दुसरी यूडीपी), कॉम्प्युटरचा पत्ताही अचूक. चालेना म्हणून नियम पुसून पुन्हा लिहिला. मग फर्मवेअर अपडेट केलं. मग कुठेतरी वाचून राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली आणि फॅक्टरी रीसेट मारला. त्यासरशी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्डही गेलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि वडिलांची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. पुढचं घरात काय झालं ते मी विचारलं नाही. कंपनीचा माणूस येऊन नेट सुरू करून गेल्यावर पठ्ठ्याने मला स्टेटस पानाचा फोटो पाठवला. वॅन आयपीची सुरुवात १००.८१. मी म्हटलं, ‘अरे, बाहेरचं कुणी तुझ्या राउटरपर्यंत पोचतच नाहीये.’ त्यावर उत्तर आलं, ‘पण व्हिडिओत तर चाललं होतं.’

सीजीनॅट असेल तर कंपनीला फोन करून पब्लिक आयपी मागा. स्टॅटिकच (कधी न बदलणारा) हवा असं नाही, नुसता पब्लिक असला तरी भागतं. तो मिळत नसेल तर टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क सगळ्या मित्रांच्या मशीनवर टाका. चार-पाच जणांच्या सर्व्हरला मी स्वतः हाच मार्ग सुचवतो, पण ‘पोर्ट ओपन’ करायची हौस असलेल्यांना तो मिळमिळीत वाटतो.

वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच एकामागे एक दोन राउटर आहेत. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नुसतं कनेक्शन पुढे देणारा) टाका किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) करा. दोन्हीकडे नियम लिहूनही काम होतं, पण सहा महिन्यांनी त्यातलं काहीही आठवत नाही. १०ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ने सुरू होणारा पत्ता असेल तर सीजीनॅट आणि दोन राउटर, या दोन्ही शक्यता तपासा.

‘काल चालत होतं, आज नाही’

याचं कारण बहुतेक वेळा एकच. नियमात १९२.१६८.१.१०७ लिहिलंय आणि कॉम्प्युटर आज .१०९वर बसलाय. राउटर पत्ते डीएचसीपीने, म्हणजे आपोआप वाटतो, ते बदलतात. यावर विंडोजमध्ये हाताने पत्ता भरून टाकणारे पुष्कळ आहेत. मला ते आवडत नाही. तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीत असेल तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी फोनला तोच मिळतो आणि दोघंही लटकतात. राउटरमध्येच ॲड्रेस रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या कॉम्प्युटरला कायम तोच पत्ता मिळतो. मी सर्व्हरला नेहमी .५० देतो, म्हणजे शोधावं लागत नाही. एक लक्षात असू द्या: ज्यावर रिझर्व्हेशन होतं तो मॅक ॲड्रेस (जोडणीचा हार्डवेअर क्रमांक) केबलचा वेगळा आणि वायफायचा वेगळा. रिझर्व्हेशन वायफायवर करून नंतर केबल लावली की पुन्हा तीच रड.

बाकीच्या, झटपट

टीसीपी की यूडीपी हे बघा. माइनक्राफ्ट जावा २५५६५ टीसीपीवर, बेडरॉक १९१३२ यूडीपीवर, व्हॅलहाइम २४५६पासून पुढे यूडीपीवर.

सर्व्हर बंद ठेवून पोर्ट चेकरवर तपासू नका. ऐकणारं कुणी नसेल तर पोर्ट बंदच दिसणार. शिवाय या साइट्स बहुतेक टीसीपीच तपासतात, यूडीपीबद्दल त्यांचं मत धरू नका.

घरातल्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकून बघणं ही चाचणी नव्हे. अनेक राउटरना आतून बाहेर जाऊन पुन्हा आत यायला जमत नाही. फोनच्या मोबाइल डेटावरून तपासा.

माइनक्राफ्टच्या सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज या सेटिंग्जच्या फाइलमधली सर्व्हर-आयपीची ओळ रिकामी ठेवा. तिथे पब्लिक आयपी लिहिला की ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ आलंच म्हणून समजा.

राउटर रीस्टार्ट झाला की पब्लिक आयपी बदलू शकतो. मित्रांना आकडे पाठवत बसण्यापेक्षा डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावा.

फायरवॉल बंद, डीएमझेड चालू

घाई झालेल्यांचा हा लाडका उपाय. डीएमझेड म्हणजे ज्याला दुसरा नियम लागू नाही असं बाहेरून आलेलं सगळं त्या एका मशीनकडे. त्यात विंडोजची फायरवॉलही बंद केली, तर घराचं दार नुसतं उघडं नाही, बिजागरीतून काढून ठेवलंय. ‘गेमच तर आहे’ म्हणणाऱ्यांना मी डिसेंबर २०२१ची आठवण देतो. लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या त्रुटीमुळे माइनक्राफ्ट जावाच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता.

फायरवॉलमध्ये त्या एका पोर्टचा इनबाउंड नियम करा, तोही प्रोग्रामवर नाही, पोर्टवर. सर्व्हर ज्यावर चालतो तो जावा प्रोग्राम नव्याने वेगळ्या फोल्डरमध्ये बसला की प्रोग्रामवर केलेला जुना नियम त्याला लागू होत नाही, आणि लोक राउटरला शिव्या घालत बसतात. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ आणि नियम फक्त ‘प्रायव्हेट’साठी असेल तरी हेच होतं.

आरकॉनचा (सर्व्हरला दुरून आदेश द्यायच्या सोयीचा) २५५७५ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ बाहेर कधीच उघडू नका. व्हाइटलिस्ट (ठरावीक नावांनाच आत सोडणारी यादी) पहिल्याच दिवशी चालू करा, मित्र जोडले जायच्या आधी. पोर्ट उघडला की आयपी चाळत फिरणारे बॉट्स येतातच, आणि लॉगमध्ये अनोळखी नावं आत यायचा प्रयत्न करून परतलेली दिसतात. ती दिसली म्हणून पोर्ट बदलायची गरज नाही, फक्त ऑनलाइन-मोड (खातं खरं आहे का हे तपासणारी सेटिंग) ट्रूवरच आहे ना तेवढं बघा.