चित्र विका, हक्क राखून ठेवा

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी कुणी तुमचं चित्र मागितलं, तर मानधनाचा आकडा सांगण्याआधी विचारा: कशावर छापणार, किती प्रती, किती काळासाठी? एका अंकापुरती परवानगी वेगळी आणि कॉपीराइट देऊन टाकणं वेगळं. तेच चित्र पुढे कॅलेंडरवर किंवा कुर्त्यावर गेलं, तर त्याचे पैसे वेगळे. कॅनव्हास विकलात, तरी छापण्याचा हक्क आपोआप जात नाही.

परवाना लेखीच द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत.

खरी मेख कलम १७ मध्ये आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच ठरतो! म्हणून कोटेशनमध्येच लिहा: ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, वापर फक्त अमुक अंकाच्या मुखपृष्ठासाठी, १ वर्ष.’ त्यावर समोरच्याची सही घ्या, मगच ब्रश उचला. ‘तुमचं नाव होईल हो’ म्हणणाऱ्यांकडून तर आधी घ्या. मोठी फाइल पैसे जमा झाल्यावर पाठवा. तोवर वॉटरमार्क टाकलेली लहान प्रत पुरे.