मुंबईत कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे खरे ॲव्हरेज कसे काढावे आणि कसे वाढवावे

एकाच कंपनीची, एकाच इंजिनाची आणि एकाच वर्षी घेतलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही एकाला लिटरमागे नऊ किलोमीटर देते आणि दुसऱ्याला सतरा, आणि दोघेही खरेच सांगत असतात. पहिल्याची गाडी रोज एलबीएस मार्गावर सिग्नलमागून सिग्नल ओलांडत असते, तर दुसऱ्याची शनिवारी-रविवारी नाशिकच्या वाटेवर धावते. म्हणून ॲव्हरेजचा आकडा सांगताना त्याच्या शेजारी गाडीचा सरासरी वेगही सांगितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही, आणि पुढच्या महिन्यात तुमच्याही उपयोगाचा राहत नाही.

माहितीपत्रकात छापलेला आकडा कुठून येतो, हे आधी समजून घ्यावे. हा आकडा पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवली जाते आणि ठरवून दिलेल्या क्रमाने तिचा वेग वाढवत, कमी करत आणि मध्ये थांबत सुमारे वीस मिनिटे ती चालवली जाते. तिथला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तर सरासरी वेग ताशी तीसच्या आसपास असतो, आणि आजवर वापरल्या गेलेल्या या पद्धतीत एसी बंद असतो. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा चांगला आहे, कारण सर्वांना एकच परीक्षा असते. मात्र मे महिन्यातल्या दमट दुपारी, एसी चालू ठेवून सायन ते कुर्ला रांगेत सरकणाऱ्या गाडीकडून त्या आकड्याची अपेक्षा ठेवू नये.

खरा आकडा काढण्याची भरवशाची रीत टाकी फुल करण्याची. टाकी फुल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, टाकी पाव भागापर्यंत उतरेस्तोवर गाडी नेहमीसारखी चालवावी आणि पुन्हा फुल करून झालेल्या किलोमीटरना या दुसऱ्या खेपेच्या लिटरनी भागावे. हिशेब एवढा सोपा असूनही चुकतो, आणि बहुतेक वेळा तो पंपावरच चुकतो. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडते तिथेच थांबायचे असते, पण पंपावरचा मुलगा तेवढ्यात विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?", आणि आपण मान हलवतो. त्या होकारात कधी पाव लिटर जाते, कधी एक लिटर, आणि ते दर वेळी सारखे नसल्यामुळे उत्तरात गोंधळ होतो. शिवाय ऑटोकटनंतर दाबून भरलेले पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरपर्यंत पोहोचू शकते आणि तो खराब होतो. "पहिल्या कटला बंद करा, पैसे असतील तेवढे देतो," असे आधीच सांगून ठेवावे. शक्यतो पंप तोच असावा, गाडी सपाट जागी उभी असावी आणि नोझलही तेच असेल तर उत्तम. पंप मापात मारतो असा संशय असेल, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून दाखवा, अशी मागणी करता येते. हे माप पंपावर ठेवावेच लागते.

एका टाकीचा आकडा मात्र पुरेसा नसतो. चार-पाच टाक्यांची नोंद ठेवावी आणि शेवटी एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी भागावे. इथे एक चूक सर्रास होते, ती म्हणजे ॲव्हरेजच्या आकड्यांचीच सरासरी काढणे. शहरात ३०० किलोमीटर लिटरमागे १० ने आणि महामार्गावर ३०० किलोमीटर २० ने झाले, तर उत्तर १५ येत नाही. शहरात ३० लिटर आणि महामार्गावर १५ लिटर, असे ४५ लिटर जळले, म्हणून खरे उत्तर १३.३ आहे. याच गणितातून आणखी एक कामाची गोष्ट कळते. शहरातले ॲव्हरेज ९ वरून ११ वर नेले, तर हजार किलोमीटरमागे सुमारे वीस लिटर वाचतात, पण महामार्गावर ते १८ वरून २१ वर नेले, तर जेमतेम आठ. लिटर शंभर रुपयांना धरले, तरी कष्ट कुठे घ्यावेत हे यावरून ठरते.

गाडीच्या पडद्यावर दिसणारे ॲव्हरेज इंजेक्टरने, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाने, किती इंधन सोडले याच्या अंदाजावर काढलेले असते आणि ते बहुधा टाकीच्या हिशेबापेक्षा थोडे जास्तच दिसते. तुमच्या गाडीत हा फरक साधारण ठरावीक असतो, म्हणून दोन-तीन टाक्यांत तो ओळखून घ्यावा, मग रोजच्या तुलनेला पडदाही चालतो. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील, तर मीटर प्रत्यक्षाहून कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखे वाटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कडेला किलोमीटरचे फलक आहेत. शेजारी बसलेल्याला त्यांतल्या एका फलकापाशी ट्रिप मीटर शून्य करायला सांगावे आणि वीस-तीस किलोमीटरनंतर ताडून पाहावे.

आता सरासरी वेगाकडे येऊ, कारण मुंबईतला खरा खेळ तिथेच आहे. १.२ लिटरच्या आसपासचे पेट्रोल इंजिन नुसते उभे चालू राहिले, तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते, आणि एसी चालू असेल तर लिटरभर. समजा, घाटकोपर ते वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या टापूत दहा किलोमीटरला पन्नास मिनिटे लागली आणि त्यांतली वीस मिनिटे गाडी जागच्या जागी उभी होती. चालत्या गाडीने लिटरमागे १४ किलोमीटर दिले असे धरले, तर चालण्यात ०.७१ लिटर गेले आणि उभे राहण्यात ०.३३ लिटर. ॲव्हरेज साडेनऊच्या आसपास आले, आणि जळालेल्या पेट्रोलपैकी जवळपास एकतृतीयांश गाडी एक वीतही पुढे न सरकता गेले. तेच दहा किलोमीटर फक्त पाच मिनिटांच्या थांब्याने झाले, तर तीच गाडी त्याच चालकाच्या हाती साडेबारा देते. त्यामुळे टाकी भरताना पडद्यावरचा सरासरी वेग टिपून घ्यावा, आणि ताशी १२ चा महिना ताशी २५ च्या महिन्याशी कधीही ताडून पाहू नये. जुन्या नोंदींबाबतही सावध राहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईकडून येणाऱ्यांचे थांबे बदलले आहेत.

यावरून पहिला आणि सर्वांत फायद्याचा उपाय निघतो, तो म्हणजे वेळ आणि रस्ता निवडणे. अर्धा तास आधी निघाल्याने जे वाचते, ते कोणत्याही महागड्या इंजिन ऑइलने वाचत नाही. वांद्र्याहून मरीन ड्राइव्हला जाताना माहीम, दादर, पेडर रोड असे न जाता सी लिंक आणि किनारी रस्ता धरला, तर गाडी वरच्या गिअरमध्ये सलग चालते. सी लिंकचा टोल त्या हिशेबात जरूर धरावा, पण वेळही धरावा. पूर्व उपनगरातून दक्षिण मुंबईत येणाऱ्यांना ईस्टर्न फ्रीवे हाच लाभ टोलशिवाय देतो. सिग्नलवर आकडा मिनिटभराचा दिसत असेल, तर इंजिन बंद करावे. गाडीत आपोआप इंजिन बंद करणारी सोय असेल, तर ती वैतागून बंद करून ठेवू नये. रांगेत पुढची गाडी एक हात सरकली की लगेच सरकण्याऐवजी थोडी मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग पहिल्या गिअरमध्ये संथपणे पुढे जावे. टर्बो इंजिन असेल, तर हे अधिकच पाळावे, कारण जोराने पाय दिला की टर्बो हवा भरतो आणि त्या हवेला जोड म्हणून इंधनही तेवढेच ओतले जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचे ॲव्हरेज नेहमीच वाईट येते, कारण थंड इंजिन जादा इंधन मागते. बाजार, क्लास आणि बँक अशी कामे एका फेरीत उरकावीत.

महामार्गावर गणित उलटे होते, कारण तिथे शत्रू हवा असते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि उंच, रुंद कपाळाच्या एसयूव्हीला तो सेडानपेक्षा जास्तच जाचतो. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतो, म्हणून गावाहून परतल्यावर तो काढून ठेवावा. द्रुतगती मार्गावर कारची सपाटीवरची मर्यादा १०० आहे, पण ८०-८५ ने गेलात तर पनवेल ते लोणावळा थोडीच मिनिटे जास्त लागतात आणि टाकीत फरक डोळ्यांना दिसतो.

बोरघाटाचा हिशेब वेगळा ठेवावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, आणि माणसे व सामान धरून दीड टन वजनाची गाडी तिथवर चढवायला सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत एवढीच ऊर्जा पोहोचते, म्हणजे केवळ उंची गाठण्यात जवळपास एक लिटर जाते. मुंबईहून पुण्याला जाताना आकडा कमी आणि येताना जास्त दिसतो तो यामुळे, म्हणून आकडा नेहमी जाऊन-येऊनचा घ्यावा. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय मात्र जिवावर बेतणारी आहे, कारण इंजिनाचा ब्रेक नाहीसा होतो आणि सगळा भार तापत चाललेल्या ब्रेकवर येतो. त्यात पेट्रोलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, तर आजची इंजिने इंधन पूर्ण तोडतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते.

इंधनाचा प्रकारही लक्षात घ्यावा लागतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची ऊर्जा शुद्ध पेट्रोलहून सहा-सात टक्क्यांनी, आणि आधीच्या दहा टक्के मिश्रणाहून तीन-चार टक्क्यांनी कमी भरते. पूर्वी १५ देणारी गाडी आता साडेचौदा देत असेल, तर मेकॅनिककडे धावण्याची गरज नाही, पण ती १२ देत असेल, तर त्याचे खापर इथेनॉलवर फोडू नये. सीएनजी किलोने मिळतो, म्हणून त्याचा आकडा पेट्रोलच्या आकड्याशी थेट ताडता येत नाही. तिथे किलोमीटरमागे रुपये काढावेत, आणि सुरुवातीला गाडी पेट्रोलवर चालत असेल, तर तोही खर्च त्यात धरावा. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला जाळून स्वच्छ करतो तेव्हा जादा डिझेल खर्च होते. फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत हे वारंवार घडते किंवा अर्धवट राहते, म्हणून मधूनमधून तिला महामार्गावर सलग अर्धा तास न्यावे. ज्याचा प्रवास दादर-अंधेरीपुरताच आहे, त्याने डिझेल घेऊच नये, असे मी सांगेन. थोड्या मोठ्या आकारातल्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या, गाड्या रांगेत इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकतात, त्यामुळे मुंबईची गर्दी त्यांना इतरांइतकी महाग पडत नाही.

देखभालीत टायरची हवा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. योग्य दाब चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि तो टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घराजवळच्या पंपावर, पंधरा दिवसांतून एकदा तपासावा. एसीबाबत एवढेच सांगेन की उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी मिनिटभर उघड्या ठेवाव्यात आणि मग एसी लावून आतलीच हवा फिरवावी.

सरासरी वेग तोच असताना ॲव्हरेज अचानक दहा टक्क्यांहून अधिक पडले, तर मात्र गाडी तपासावी. पावसाळ्यानंतर हे बरेचदा घडते. खड्ड्यांनी अलाइनमेंट बिघडते, आणि गंजामुळे ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबून धरणारा भाग, अडकून चाक सतत घासत राहते. ब्रेक शक्य तितका कमी वापरत काही किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि चारही चाकांजवळ हाताचा तळवा न्यावा. रिमला हात लावू नये. एखाद्या चाकाची धग इतरांपेक्षा स्पष्ट जाणवली, तर दोष तिथेच आहे. तसे नसेल, तर एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि थर्मोस्टॅट पाहायला सांगावे. थर्मोस्टॅट उघडाच अडकला, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि जास्त इंधन घेत राहते.

तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना टाक्यांची नोंद सरासरी वेगासह घेऊन जावी. तिथे बहुधा मोकळ्या रस्त्यावर सलग ५०-६० च्या वेगाने गाडी चालवून मायलेज चाचणी करतात आणि तिचा आकडा छान येतो. त्या चाचणीत स्वतः बसावे आणि तिचाही सरासरी वेग लिहून घ्यावा. त्या वेगालाही आकडा कमी आला, तर दोष गाडीत आहे आणि दुरुस्तीचा आग्रह धरावा. तिथे आकडा बरा येऊन ताशी १२ च्या रांगेत तो नऊवर उतरत असेल, तर गाडी ठीक आहे, आणि निघण्याची वेळ किंवा रस्ता बदलून पाहावा.