समुद्रविज्ञानाकडे वळताना

समुद्रविज्ञानाला नव्यानं येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी नकाशा काढायला सांगते. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराचा तळ स्वतःच्या हातानं काढा. जेबको या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे समुद्राच्या खोलीचे नकाशे मोफत मिळतात. मुंबईसमोर रुंद असलेला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, केरळकडे कसा निमुळता होत जातो, ते काढतानाच लक्षात राहतं. १९७४ साली बॉम्बे हायचं तेल मिळालं ते याच उथळ मंचावर. पुढे खंडान्त उतार, म्हणजे मंचाच्या कडेवरून खोल समुद्रात उतरणारा तळ, मग खोल तळावरची मैदानं आणि कार्ल्सबर्ग ही पाण्याखालची डोंगररांग. पूर्वेला ९० अंश पूर्व रेखांशालगत जवळजवळ सरळ रेषेत गेलेली ‘नव्वद पूर्व’ डोंगररांग.

पण या डोंगरांचा पावसाशी थेट संबंध लावायची घाई करू नका. मान्सूनला लागणारी उष्णता आणि बाष्प समुद्राच्या वरच्या थरातून मिळतं. तळाचा आकार जिवावर बेततो तो किनाऱ्यालगत. उपसागराच्या उत्तर टोकाला समुद्र उथळ आहे. चक्रीवादळानं रेटलेल्या पाण्याला खाली परतायला वाव नसतो, ते जमिनीवर चढतं. १९७० साली भोला वादळात लाखो माणसं गेली, ती मुख्यतः या पाण्यामुळे.

मला स्वतःला या विषयात धरून ठेवलं ते एका प्रश्नानं: पावसाळ्यात अरबी समुद्र थंडावतो, उपसागर मात्र उबदार राहतो, असं का? सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला नैऋत्य वाऱ्यांमुळे खालचं गार पाणी वर येतं आणि वारे पाणी खोलवर घुसळतात. उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून वरच पसरतं. वाऱ्याला ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळता येत नाही. पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर टिकतो आणि कमी दाबाची क्षेत्रं तिथे एकामागून एक तयार होतात. विदर्भातला बराचसा पाऊस त्यांच्याबरोबरच येतो. नद्यांच्या पाण्यानं समुद्र उबदार राहावा आणि त्यातून पुन्हा पाऊस पडावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

हवामानाच्या बाजूनं जायचं तर पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. तळाकडे ओढा असेल तर भूशास्त्र. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोवा विद्यापीठ आणि कोचीचं विद्यापीठ बघा. संशोधनासाठी दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, पुण्याची आयआयटीएम ही मान्सून आणि हवामानावर संशोधन करणारी संस्था, हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राविषयीची माहिती आणि इशारे देणारं केंद्र. पायथॉन ही संगणकभाषा मात्र प्रवेशाआधीच शिकायला घ्या.

सरावाला आर्गो तरंगकांची, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजणी यंत्रांची, नोंद उत्तम. ते साधारण दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता मोजतात. दोन्ही समुद्रांतला एकेक तरंगक निवडा, ऑगस्टचे आलेख शेजारी ठेवा आणि वरच्या ५० मीटरांत क्षारता कुठे झपाट्यानं बदलते ते शोधा.