निवासी लेखन फेलोशिपचा अर्ज कसा करावा

बीड, हिंगोली किंवा धाराशिवच्या महाविद्यालयात शिकवत पीएच.डी. झालेल्या अनेकांच्या कपाटात क्षेत्रकार्याच्या वह्या भरून पडलेल्या असतात. पुस्तक मात्र होत नाही, कारण तासिका, पेपर तपासणी आणि नॅकची (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाची) कागदपत्रे यांतून सलग दोन महिनेही हाती लागत नाहीत. निवासी लेखन फेलोशिप नेमका हा सलग वेळ देते आणि सोबत राहायला घर, लिहायला खोली, ग्रंथालय व निर्वाहापुरते मानधनही देते.

ही फेलोशिप माहिती गोळा करण्यासाठी नसते, हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकेत सांता फे येथे १९०७ साली सुरू झालेली स्कूल फॉर अॅडव्हान्स्ड रिसर्च ही संस्था मानवशास्त्र आणि संलग्न विषयांच्या अभ्यासकांना परंपरेने सप्टेंबर ते मे असे नऊ महिने लेखनासाठी बोलावते. तेथे जाताना क्षेत्रकार्याचे काम संपलेले आणि लेखन उरलेले असावे, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे १९६५ पासून शिमल्याच्या राष्ट्रपती निवासात असलेली भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे, आणि तेथील फेलोला मुदतीअखेर ग्रंथाचे हस्तलिखित सादर करावे लागते. पहिलाच अर्ज असेल, तर मी शिमल्याचा करायला सांगेन.

बहुतेक अर्ज प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातच पडतात, म्हणून सर्वाधिक वेळ तिथे द्यावा. ‘मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा समाजशास्त्रीय अभ्यास करण्याचा मानस आहे’ या वाक्यातून निवड समितीला काहीच दिसत नाही; समितीत इतिहासकार असतील, पुरातत्त्वज्ञ असतील, त्यांनी बीड जिल्हा पाहिलेला नसेल. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम उचल देतो ती त्या कोयत्याला, आणि ती फेडण्यासाठी फडात दोघेही राबतात. दोन माणसांचे हे एक एकक घरातल्या बाईच्या वाट्याला काय ठेवते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.’ येथे शब्दाचा अर्थ, व्यवहार आणि प्रश्न तिन्ही एका दमात येतात, आणि कोयता हा आपला शब्द आपलाच राहतो. त्याला परक्या संज्ञेत कोंबण्याची गरज नसते.

पुढे प्रकरणांचा आराखडा द्यावा आणि कोणते प्रकरण लिहून झाले आहे, कोणते तिथे बसून लिहिणार, हे महिन्यांनिशी सांगावे. प्रबंध जसाच्या तसा पुस्तक म्हणून पुढे करू नये. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकरण तर निर्धास्तपणे गाळावे.

परदेशी संस्थांच्या मुदती बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सत्र परीक्षा आणि दिवाळीच्या तोंडावर येतात, तेव्हा मसुदा पावसाळ्यातच तयार हवा. अध्ययन रजा आणि ना-हरकत प्रमाणपत्र यांसाठी प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. ती फाईल निवडीची वाट न पाहता आधीच हलवावी.

शिफारसपत्र मोठ्या पदावरील व्यक्तीपेक्षा ज्यांनी आपले लेखन खरोखर वाचले आहे त्यांच्याकडून घ्यावे, आणि त्यांना प्रस्तावासोबत एक पूर्ण प्रकरण निदान दीड महिना आधी पोहोचते करावे.