कोकणात दगड आणि खनिजे जमवण्याचा छंद कसा सुरू करावा

दगड जमवायचे म्हणजे आधी हातोडा आणि छिन्नी विकत घ्यायची, अशी बहुतेकांची समजूत असते. कोकणात निदान पहिले वर्षभर या दोन्हींवाचून काही अडत नाही. फोडण्याचे काम येथे समुद्र, पावसाळी नद्या, चिरेखाणी आणि विहिरी खणणारी माणसे अखंड करीत असतात. नवशिक्याने त्यांच्या मागून जाऊन, खाली वाकून पाहायला शिकावे. सुरुवातीला लागणारे साहित्य अगदी थोडे आहे: दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, लहान लोहचुंबक, पोलादी सुरी, जुने वर्तमानपत्र, वही आणि पेन्सिल. शाईचे पेन घेऊ नये, कारण किनाऱ्यावरच्या दमट हवेत नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवरील अक्षरे फुटतात.

पहिला धडा घराच्या आवारातच गिरवावा. कोकणातील बहुतेक जुन्या घरांचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) आणि पाखाडी (दगडी पायवाट) जांभ्याची असते, तर जोत्याला किंवा विहिरीच्या बांधकामाला अनेक ठिकाणी काळा, जड दगड लावलेला असतो. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, गवंड्यांच्या भाषेत काळवत्री. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडला, तेव्हाचा तो खडक आहे. जांभा बहुतेक ठिकाणी याच काळ्या दगडापासून झालेला आहे. उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत बेसाल्टमधील सिलिका, चुना आणि मॅग्नेशियम दीर्घकाळ धुऊन जात राहिले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचा आहे. खाणीतून नुकताच काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेत वाळल्यावर टणक होतो. या गुणामुळेच फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये मलबारातील अशा दगडाला ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिले. गडग्यातील एक चिरा आणि जोत्यातील एक दगड भिंगाखाली अर्धा तास शांतपणे पाहिला, तर पुस्तकातील दहा पाने वाचल्याइतका उपयोग होतो.

स्फटिकांची आवड असलेल्यांनी मात्र सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फार वेळ घालवू नये. जांभा बनताना मूळ खडकातील बहुतेक सुबक खनिजे नाहीशी झालेली असतात. सड्याच्या कडेवरून उतरून पऱ्याच्या किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) पात्रात आले, की खालचा काळा कातळ उघडा पडलेला दिसतो आणि खरा शोध तेथून सुरू होतो.

माझ्या मते कोकणातील नवशिक्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे नव्या विहिरीच्या काठावर पडलेला दगडांचा ढीग. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळीच्या रूपाने राहिले, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साठवली. पृष्ठभागावरचा दगड हवा-पावसाने झिजतो आणि त्यातील नाजूक खनिजे गळून जातात. विहिरीच्या तळातून आलेला दगड ताजा असतो. जमीनमालकाला विचारावे, तो बहुधा हसून परवानगी देतो आणि चहाही विचारतो. ढिगात सलग काळे तुकडे बाजूला ठेवून ज्यावर पांढरे, गुलाबी किंवा हिरवट ठिपके दिसतात असे तुकडे उचलावेत. भाताची पेंढी मध्यभागी आवळून बांधावी तसा गुलाबीसर पांढरा जुडगा दिसला, तर ते बहुधा स्टिलबाइट असते. सुयांचा झुबका असेल, तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट असण्याचा संभव मोठा. ही सर्व झिओलाइट या कुळातील खनिजे आहेत. त्यांच्या रचनेत पाणी सामावलेले असते आणि तापवल्यावर ते उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून स्वीडनच्या क्रोनस्टेट याने 1756 मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांच्या सोबतीने काचेसारखे पारदर्शक, चौकोनी अंगाचे ॲपोफिलाइट, तसेच कॅल्साइट आणि गार (क्वार्ट्झ) ही खनिजेही सापडतात. कोकणातील सापड बहुधा नखाएवढी किंवा त्याहून लहान असते, हे आधीच लक्षात ठेवावे. मोठे नमुने पाहण्याची हौस असेल, तर घाट चढून सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात एक दिवस काढावा. तेथे पाहिलेल्या आकारांची धाकटी भावंडे मग आपल्या विहिरीच्या ढिगात ओळखू येऊ लागतात.

किनाऱ्यावर जायचे तर तिथी पाहून जावे. जुना ठोकताळा असा, की शुक्ल किंवा वद्य पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि तिच्यापुढे सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी सर्वांत दूर जाते, म्हणून त्यानंतरच्या द्वितीया-तृतीयेच्या सकाळी या कामासाठी फार सोयीच्या असतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीला, दुपारी बाराला ओहोटी येते खरी, पण पाणी थोडेच मागे सरते आणि ऊन मात्र पुरेपूर लागते. गावागावाप्रमाणे वेळेत फरक पडतो, तेव्हा हिशेब घरी करावा आणि खात्री किनाऱ्यावरच्या कोळ्याकडे करून घ्यावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, पाणी वळल्यावर मागे फिरावे, आणि खडकांवर समुद्राकडे पाठ करून कधीही बसू नये.

नदी किंवा खाडी जेथे समुद्राला मिळते, त्याच्या आसपास लाटांनी गोट्यांचे पट्टे टाकलेले असतात. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला नवा माल ऑक्टोबरनंतर पाहायला मिळतो. ओला असतानाच गोटा पाहावा. वाळल्यावर अकीकाच्या (ॲगेट या पट्टेदार दगडाच्या) रेषा फिक्या पडतात. सूर्याकडे धरल्यावर कडेने उजेड झिरपू देणारा, मेणासारख्या चमकेचा गोटा अकीकाच्या जातीचा असण्याची शक्यता असते. हरिहरेश्वरला मात्र गोळा करण्यापेक्षा पाहण्यासाठी जावे. तेथे लाटांनी कापलेला सपाट कातळ आणि मिठाच्या क्रियेने मधाच्या पोळ्यासारखे पोखरलेले कडे आहेत, आणि ते खिशात घालता येत नाहीत हे बरेच आहे. रत्नागिरी शहराजवळ मांडवीच्या काळ्या वाळूत कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवावा. त्याला मिशांसारखे चिकटतात ते मुख्यतः मॅग्नेटाइटचे कण. मागे राहणाऱ्या काळ्या कणांत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज असते. प्रयोग झाल्यावर वाळू तेथेच सोडावी.

दक्षिणेकडे मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या बाजूला गेले की दगडांचे गोत्रच बदलते. बेसाल्टच्या खालचे, त्याच्यापेक्षा कितीतरी प्राचीन खडक तेथे उघडे पडलेले आहेत: पट्टेदार नाइस, चमचमत्या अभ्रकाचे शिस्ट, कठीण क्वार्ट्झाइट. रेडीच्या परिसरात लोहखनिज आहे. रत्नागिरीच्या छांदिष्टाने वर्षातून एकदा तरी हा प्रवास करावा, कारण दोन्हीकडचे गोटे शेजारी ठेवल्याशिवाय आपला काळा दगड किती एकसुरी आहे ते कळत नाही.

ओळख पटवण्यासाठी रंगावर विसंबू नये. कठीणपणाची मोस यांची 1812 ची दहा पायऱ्यांची मोजपट्टी घरच्या वस्तूंनी चालवता येते: नख अडीच, पोलादी सुरी साडेपाच, गार सात. पांढऱ्या खनिजावर सुरी सहज ओरखडा काढत असेल तर ती गार नव्हे. मग ते कॅल्साइट की स्टिलबाइट, हे ठरवण्यासाठी खरवडून थोडी पूड काढावी आणि तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. कॅल्साइट फसफसते, स्टिलबाइट शांत राहते. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सापडलेला गुळगुळीत पांढरा तुकडा गारेचा आहे की झिजलेल्या शिंपल्याचा, हेही याच युक्तीने कळते. लोहखनिजांसाठी चिनी मातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू वापरावी. तिच्यावर घासल्यावर हेमॅटाइट, वरून कितीही काळेभोर दिसले तरी, तांबडी रेघ उमटवते. मॅग्नेटाइटची रेघ काळी आणि लिमोनाइटची पिवळट तपकिरी उमटते. या परीक्षा नमुन्याच्या मागच्या अंगावर कराव्यात. चांगल्या स्फटिकावर सुरी चालवून तो खराब केल्याचा अनुभव एकदाच पुरतो.

कोकणात दगड उचलताना सर्वांत मोठे भय फुरशाचे. हा विषारी साप जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली दडून बसतो, आणि त्याचा रंग मातीत इतका मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. दगड हाताने न उलथता काठीने, तोही आपल्याकडे तोंड न करता पलीकडच्या बाजूने उघडेल असा उलथावा. बूट आणि जाड पँट घालावी, सायंकाळनंतर सड्यावर फिरू नये, आणि दंश झालाच तर उपचारांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. रेल्वेच्या कापलेल्या डोंगरात आणि महामार्गाच्या दरडीखाली उत्तम खडक दिसतात. ते गाडीतूनच पाहावेत.

काय उचलू नये, याची यादी उचलण्याच्या यादीइतकीच महत्त्वाची आहे. दगड, मुरूम आणि वाळू ही कायद्याने गौण खनिजे असून परवान्याशिवाय त्यांचे उत्खनन व वाहतूक करता येत नाही, म्हणून छंदाचे माप खिशाएवढे ठेवावे आणि विक्रीच्या वाटेला जाऊ नये. संरक्षित किल्ल्यांतील, वनजमिनीवरील आणि 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातील काहीही हलवू नये. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर उक्षी, बारसू, कशेळी, कुडोपी अशा अनेक गावांत कातळशिल्पे आहेत. तेथे हातोडा बाहेर काढणे सोडाच, रेषांवर पायही देऊ नये.

घरी आल्यावरचे काम कंटाळवाणे वाटते, पण ते टाळल्याने माझे सुरुवातीचे सगळे जमवणे वाया गेले. बिस्किटांच्या डब्यात तीस-पस्तीस गोटे होते, त्यांत एक सुरेख पट्टेदार अकीक; आणि तो गुहागरचा की वेळणेश्वरचा, हे आज मला सांगता येत नाही. त्यामुळे तो आता नुसता शोभेचा आहे. नमुना उचलल्या जागीच कागदात गुंडाळून त्यात चिठ्ठी घालावी: क्रमांक, दिनांक, गाव व तालुका, आणि विहीर, पऱ्या, पुळण की खाणीचा ढीग. खनिजाचे नाव नंतर घातले किंवा चुकून घातले तरी चालते, जागा चुकली तर दुरुस्त करता येत नाही. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपून ठेवावेत. 1851 पासून काम करणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यांवर आपली जागा शोधली की आजूबाजूला कोणता खडक आहे ते कळते.

किनाऱ्यावरचे गोटे दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावे, नाहीतर आतले मीठ वर येऊन पांढरी पूड साचते. सुयांच्या नमुन्यांना कापूस लावू नये, त्याचे धागे सुयांत अडकतात आणि काढताना सुया तुटतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये असे नमुने मोकळे ठेवावेत. लॉमोन्टाइट नावाचे पांढरे झिओलाइट कोरड्या हवेत पाणी गमावून आपोआप भुसभुशीत होते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. आणि प्रत्येक नमुन्यावर मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर वहीतला क्रमांक लिहावा, म्हणजे चिठ्ठी वाळवीने खाल्ली तरी दगड बेनामी होत नाही.